‘एवढं तर लागतंच’ असं सांगणाऱ्याला पंप नेऊन द्या

पत्र

‘आमची दोन एकर कोरडवाहू आहे, तिच्यावर भागत नाही. म्हणून आमचे हे ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत लोकांच्या पऱ्हाटीत (कपाशीत) पंपामागे पैसे घेऊन फवारणी करतात. संध्याकाळी डोकं ठणकतं, डोळे चुरचुरतात, जेवण जात नाही. मागच्या आठवड्यात वावरातून आले ते घामाने निथळत. तोंडातून लाळ, पोटात कळा, हात थरथरत होते आणि समोरचं नीट दिसत नव्हतं. शेजारच्या काकूंनी मिठाचं पाणी पाजून उलटी करवली, मग चिंचेचं पाणी दिलं. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावली, सकाळी जरा बरं वाटलं. कृषी केंद्रवाले म्हणतात, फवारणी म्हटली की एवढं तर लागतंच. वावराचा मालक सोमवारी पुन्हा बोलावतो आहे. यांचे कपडे मीच धुते, आमचा लहाना दीड वर्षाचा आहे आणि अंगावर पितो. पुन्हा असं झालं तर घरी काय करायचं? मला आणि लेकराला काही होईल का? औषधाची मोठी कॅन धुऊन आम्ही वावरात प्यायचं पाणी नेतो, ते चालतं का?’
— एक बहीण, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आणि मालकाचा सोमवार, ही दोन आधी निकाली काढू.

कॅनमधलं पाणी आजपासून बंद. औषध प्लास्टिकमध्ये मुरतं, कितीही घासलं तरी पुरतं निघत नाही. डबा किंवा बाटली रिकामी झाली की तिथेच तीनदा विसळायची, विसळलेलं पाणी पंपात ओतायचं आणि बुडाला भोक पाडून टाकायचं, म्हणजे कुणाला ती घरी न्यायचा मोहच होणार नाही.

आणि सोमवारी त्यांनी पंप उचलायचा नाही. पुढच्या सोमवारीही नाही. तुम्ही लिहिलेली घाम, लाळ, पोटात कळा, थरथर आणि अंधूक दिसणं ही लक्षणं थकव्याची नाहीत, उन्हाचीही नाहीत. ही विषबाधा होती. ते त्यातून उठले हे नशीब, पण विष अजून पुरतं उतरलेलं नाही. का, ते सांगते.

पऱ्हाटीवर मारतात त्यातली बरीच औषधं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली असतात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट ही नावं तुमच्या घरात रोज ऐकू येत असतील. आपल्या नसांकडून स्नायूंना आणि ग्रंथींना हुकूम गेला की काम झाल्यावर तो हुकूम पुसून टाकणारं एक द्रव्य शरीरात असतं, त्याला कोलिनेस्टरेज म्हणतात. ही औषधं नेमकं त्यालाच निकामी करतात. मग पंपाचा खटका चालूच अडकून राहावा तसं होतं: लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, छातीत पाणी सुटत राहतं, अंगाचे स्नायू आपोआप उडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. माणूस दगावतो तो बहुतेक वेळा श्वासामुळे, कारण फुप्फुसं आतल्या आत भरतात आणि श्वास ओढणारे स्नायू थकतात.

हे कोलिनेस्टरेज एकदा पार खाली गेलं की भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर माणूस वरून ठणठणीत दिसतो, पण पुढच्या खेपेला निम्म्या औषधानेही आडवा होऊ शकतो. पूर्वी इतकंच फवारून काही व्हायचं नाही, यंदाच कसं झालं, असं कुणी म्हटलं तर त्याचं उत्तर यात आहे. त्यांना ग्रामीण रुग्णालयात किंवा यवतमाळला न्या, फवारणीत बाधा झाली होती हे स्पष्ट सांगा आणि रक्तातल्या कोलिनेस्टरेजच्या तपासणीबद्दल विचारा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पंपाला हात नाही.

आता कृषी केंद्रवाल्यांचं ‘एवढं तर लागतंच’. यवतमाळ जिल्ह्यात राहून हे वाक्य कुणाच्या तोंडून निघावं याचाच मला राग येतो. २०१७ चा पावसाळा तिथे कोण विसरला असेल? डोक्याइतकी उंच, दाट वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, दोन-तीन औषधं एकात कालवलेली, जोराने बारीक तुषार उडवणारे चार्जिंगचे पंप आणि उघड्या अंगाने फवारणारे मजूर. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, एकट्या यवतमाळ जिल्ह्यात विसाच्या वर माणसं गेली. त्यात शेतमजूर किती होते ते गावोगावच्या घरांना ठाऊक आहे. त्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने पाच औषधांवर साठ दिवसांची बंदी घातली, त्यात प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीनचं मिश्रणही होतं. त्या डब्यावर लाल नाही, पिवळा त्रिकोण असतो. त्रिकोणाचा क्रम लाल, पिवळा, निळा, हिरवा असा उतरत्या विषारीपणाचा आहे हे खरं, पण पिवळा दिसला म्हणून बनियनवर फवारायला निघणं म्हणजे मरण ओढवून घेणं आहे.

लोकांना वाटतं विष पोटातून जातं, फार तर नाकातून. म्हणून तोंडाला दुपट्टा बांधला की झालं. फवारणाऱ्याच्या बाबतीत ते मुख्यतः कातडीतून जातं. सगळी कातडी सारखीही नसते. तळहातापेक्षा कपाळ आणि डोकं जास्त शोषतं आणि जांघेतली नाजूक कातडी तर हाताच्या कितीतरी पट. आता विचार करा, गळक्या पंपातलं औषध पाठीवरून ओघळून कुठे जातं? चड्डीत. आणि तशा ओल्या चड्डीवर माणूस दिवसभर चालतो. ओल्या दुपट्ट्याचंही तसंच, औषध पिऊन तो तोंडालाच चिकटून बसतो. त्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा! औषधाच्या हाताने खर्रा घोटायचा आणि गालात धरायचा. दादांना सांगा, बाकीचं काही जमलं नाही तरी फवारणीच्या दिवशी खर्रा घरी ठेवून जायचं. संध्याकाळी अंग मोडून आलं म्हणून देशी घेणारेही आहेत. दारूच्या झोपेत बाधा झाकून जाते आणि घरच्यांना वाटतं, झोपलाय.

पुन्हा असं झालं तर काय करायचं, ते नीट ऐका. शक्यतो दादांच्या सोबत्यांनाही वाचून दाखवा, कारण पहिली दहा मिनिटं तुम्ही तिथे नसाल.

माणसाला फवारलेल्या तासातून, म्हणजे पिकाच्या ओळीतून, बाहेर काढून वाऱ्याच्या वरच्या बाजूला, सावलीत आणायचं. पंप उतरवायचा. अंगावरचे सगळे कपडे काढायचे, लाजबीज नको. बनियन डोक्यावरून ओढून काढू नका, तोंडाला आणि डोळ्यांना औषध फासलं जाईल. विळ्याने, कात्रीने समोरून फाडा. काढणाऱ्याने हाताला मोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात, नाहीतर तासाभराने तोही बाजूला आडवा. मग साबण आणि भरपूर पाणी, निदान पंधरा मिनिटं. नुसतं पाणी पुरत नाही. यातली बरीच औषधं तेलकट द्रावणात असतात, साबणाशिवाय सुटत नाहीत. कपड्याची वडी चालते. गरम पाणी नको आणि खसाखसा घासणंही नको, कातडी सोलली की विष आणखी आत जातं. केस, कानामागे, काख, बेंबी, जांघ, नखांच्या खाली. डोळ्यात गेलं असेल तर पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याची बारीक धार पंधरा-वीस मिनिटं सोडायची, नाकाकडून बाहेरच्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही.

अंग धुणं चालू असतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघा, पण खिडक्या उघड्या ठेवा. माणूस गुंगीत असेल किंवा ओकत असेल तर डाव्या कुशीवर झोपवून न्या, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नाही. ओकारी श्वासात गेली तर वाटेतच संपेल. झटके आले तर तोंडात चमचा-कांदा कोंबू नका. श्वास थांबला तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबत राहा. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, त्याच्या तोंडावरचं विष तुमच्या तोंडात येईल.

आणि डबा! ज्या औषधाची फवारणी होती त्याचा डबा किंवा निदान लेबल सोबत न्या. मिश्रण असेल तर सगळ्यांची. लेबलवर औषधाच्या घटकाचं नाव असतं आणि सोबतच्या घडीपत्रकात बाधेची लक्षणं आणि उतारा छापलेला असतो, मुंगीएवढ्या अक्षरात का होईना. मी तर म्हणेन, सकाळी पंप भरायच्या आधीच मोबाईलमध्ये फोटो काढून तुम्हाला पाठवायचा असा नियमच करा. डॉक्टरला ‘पांढरं औषध होतं, उग्र वासाचं’ एवढं सांगून काही कळत नाही, आणि सगळ्या औषधांचा उतारा एक नसतो. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र आहे, त्याचा फुकटचा नंबर १८०० ११६ ११७. तुमच्या डॉक्टरांनाही तो उपयोगी पडेल.

ऊन लागलं की औषधाची बाधा झाली, हा घोळ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नेहमी होतो. उन्हाने तोंड कोरडं पडतं; या औषधांनी लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, नाक वाहतं. बाहुल्या बारीक झाल्यात का ते बघा. पण बाहुल्या नेहमीसारख्या दिसल्या म्हणून निश्चिंत होऊ नका, दुसऱ्या गटातल्या औषधांची लक्षणं वेगळी. सायपरमेथ्रीनसारख्यांनी चेहऱ्याला मुंग्या येतात, आग होते. शंका आली की ती विषबाधाच समजायची. कपडे काढून साबणाने धुतल्याने ऊन लागलेल्याचंही नुकसान होत नाही.

शेजारच्या काकूंनी जिवाच्या कळकळीने केलं, त्यांना बोल लावू नका. पण मिठाच्या पाण्याने उलटी पुन्हा कधीही करवू नका. दादांच्या पोटात औषध नव्हतंच, ते कातडीतून गेलं होतं, मग उलटीने काय निघणार? आणि खरोखर पोटात गेलं असलं तरी उलटी करवायची नाही. तेलकट द्रावण ओकताना फुप्फुसात शिरलं तर ते वेगळंच जीवघेणं दुखणं होतं. मिठाचं पाणी जास्त झालं तर त्याचाही त्रास. दूध, तूप, चिंच, निंबू, ताक, अंड्याचा बलक, शेणाचं पाणी यातलं काहीच या विषावर चालत नाही. या सगळ्यांत मोलाचा अर्धा तास मात्र जातो. शुद्धीवर असेल तर पाण्याने चूळ भरू द्या, बस.

तणनाशकाचं एक वेगळं सांगते. पॅराक्वाट थोडंसं जरी पोटात गेलं तरी पहिला दिवस माणूस चालता-बोलता असतो, फक्त तोंड-घसा सोलवटतो. फुप्फुसं नंतर जातात आणि त्यावर उतारा नाही. तिथे ‘बघू उद्या’ म्हणणं म्हणजे संधी घालवणं.

दवाखान्यात गेल्यावर काय होतं हे माहीत नसल्यामुळे लोक घाबरून पेशंट उचलून आणतात. अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं देतात, एकामागून एक, छातीतलं पाणी सुकेपर्यंत. त्याने तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बडबडतो, हवेत हात मारतो. वेड लागलं म्हणून रडारड करू नका, ते या इंजेक्शनांचं काम आहे आणि उतरतं. खरा धोका असतो पुढे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाळ थांबलेली असते, जेवण गेलेलं असतं, घरचे म्हणतात सुटी द्या, सोयाबीन सोंगायचं आहे. आणि तेव्हाच, साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान, काहींच्या मानेचे आणि श्वासाचे स्नायू एकाएकी ढिले पडतात. उशीवरून डोकं उचलता येत नाही, ही त्याची पहिली खूण. असा माणूस दवाखान्यात असेल तर व्हेंटिलेटरवर वाचतो. घरी बाजेवर असेल तर नाही. म्हणून सही करून पेशंट घरी आणायचा नाही, कितीही सोयाबीन उभं असो. गावातल्या सलाईनने सकाळी बरं वाटलं याचाही अर्थ एवढाच की त्या खेपेचं विष थोडं होतं.

आता तुमचं आणि लेकराचं. फवारणीचे कपडे हात लावून धुण्याने औषध तुमच्या अंगात जातं, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने त्यापासून दूर राहावं हेच बरं. सगळ्यात सोपं म्हणजे ज्याने फवारलं त्याने आपले कपडे आपण धुवावेत. ही गोष्ट घरात कशी मांडायची ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. लेकराचं नाव पुढे करा, चालेल. तुम्हालाच धुवावे लागले तर रबरी मोजे घाला, घरच्या कपड्यांत कालवू नका, आधी वेगळ्या बादलीत भिजवून ते पाणी ओता, मग साबणाने दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवा. ती बादली पुन्हा स्वयंपाकाच्या पाण्याला लावायची नाही आणि धुणं विहिरीवर, हातपंपावर, नाल्यात नाही. बाटलीतलं मूळ औषधच कपड्यावर सांडलं असेल तर तो कपडा फेकायचा. आणि बापाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय लेकराला उचलायचं नाही, ते कितीही धावत आलं तरी. फवारलेल्या वावरात पाणी द्यायला, निंदायला लगेच जाऊ नका, निदान एक दिवस जाऊ द्या. लेबलवर जास्त सांगितलं असेल तर तेवढं. औषध कालवायला, ड्रमात पाणी भरायला बायकांना आणि पोरांना लावतात, तेही बंद. अठरा वर्षांखालच्याला, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला या कामाच्या जवळ फिरकू द्यायचं नाही.

उरलेलं औषध घरात कुलपात ठेवा, आढ्याला अडकवून नाही आणि धान्याच्या कोठीशेजारी तर नाहीच. हे लेकरासाठी आहे, आणि मोठ्यांसाठीही. आपल्याकडे एखाद्या रात्री माणूस खचतो तेव्हा हाताशी असलेली बाटलीच त्याचा घात करते. कुलूप उघडण्याएवढा वेळही कधीकधी जीव वाचवतो. घरात कुणी असं बोलत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दादा पुढे कधी फवारणी करतील तेव्हाचं थोडक्यात. संरक्षक कपड्यांचं किट गरम होतं म्हणून घालत नाहीत हे मला माहीत आहे, आणि दुपारी बारा वाजता प्लास्टिकचा अंगरखा घालून चालून दाखवा असं मी कुणालाही म्हणणार नाही. म्हणून वेळ बदला: सकाळी दव सुकल्यावर आणि ऊन कलल्यावर, मधे नाही. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, लांब पँट, ती बुटाच्या बाहेर सोडलेली, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा, फवारणीसाठीचा मास्क, रबरी मोजे. पऱ्हाटी खांद्याला लागली की हात वर धरून फवारावं लागतं आणि औषध मनगटावरून कोपराकडे ओघळतं. तेव्हा बाही मोज्याच्या आत खोचायची आणि मोज्याची कड उलटी दुमडायची. पाठ आणि पंप यांच्यामध्ये प्लास्टिक हवंच. गळका पंप आधी दुरुस्त. तुषार वाऱ्याने आपल्यापासून दूर जाईल असंच चालायचं, ओल्या झालेल्या तासात शिरायचं नाही. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत घुसून फवारणं माझ्या मते करूच नये, मजुरी कितीही देऊ दे. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, जुना ब्रश आणि पाणी घ्यायचं. पाण्याची एक वेगळी कॅन (औषधाची नव्हे!) आणि साबणाची वडी धुऱ्यावर ठेवल्याशिवाय पंप भरायचा नाही.

कृषी केंद्रात ‘हे टाका, ते टाका, वरून टॉनिक टाका’ असं म्हणून तीन बाटल्या हातात देतात. लेबलवर शिफारस नसलेलं मिश्रण करायचं नाही, आणि पक्कं बिल घ्यायचं. बिल आणि लेबल असलं की उद्या कुणी हात झटकू शकत नाही. कुठलं औषध, किती, कशावर, हे किसान कॉल सेंटरला १८०० १८० १५५१ वर विचारा. त्यांना बाटली विकायची नसते. मोनोक्रोटोफॉसचं नेहमीचं ३६ टक्क्यांचं द्रावण बंद करण्याचा आदेश केंद्राने २०२३ मध्ये काढला आहे, तेव्हा कुणी जुना माल खपवत असेल तर घेऊ नका.

राहिला वावराचा मालक. फवारणाऱ्याच्या अंगावर योग्य संरक्षक कपडे हवेत हे १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेलं आहे. ते मागणं म्हणजे मेहरबानी मागणं नाही. गावातले फवारणीवाले चार-सहा जण एकत्र बसा आणि मोजे, चष्मा, मास्क, साबण-पाणी मालकाचं, नाहीतर पंप उचलत नाही, असं ठरवा. एकट्याने म्हटलं तर मालक दुसऱ्याला बोलावेल, सगळ्यांनी म्हटलं तर कुणाला बोलावणार? हंगाम त्यालाही गाठायचा असतो.

तुमची दोन एकर कुणाच्या नावावर आहे ते लिहिलं नाहीत. दादा खातेदार असतील, किंवा खातेदाराच्या घरातले असतील, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत औषध हाताळताना झालेली विषबाधाही धरली जाते. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास मदत मिळते. देव करो आणि तुम्हाला तिची गरज न पडो. पण दवाखान्याच्या केसपेपरवर ‘फवारणी करताना विषबाधा’ हे शब्द आहेत की नाहीत ते प्रत्येक वेळी वाचून घ्या, नुसतं ‘उलटी, चक्कर’ लिहिलेलं असेल तर तिथेच सांगून नीट लिहून घ्या. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे असतो. गावात ज्यांच्या नावावर काहीच जमीन नाही त्या मजुरांना ही योजना लागू नाही. फवारणी मात्र तेच सगळ्यात जास्त करतात. हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत विचारा, आणि ठरावात लिहून घ्या.